निरंक जिल्हा

आमच्या जिल्ह्यात एकदा राष्ट्रीय पातळीवरची आरोग्य संशोधन संस्था येणार होती. आली नाही. का आली नाही ते हिंगोलीत कुणालाही विचारा, चहा संपायच्या आत पाच-सहा कारणं ऐकायला मिळतील. मराठवाड्यावर अन्याय झाला, विदर्भवाल्यांनी पळवली, पुण्यावाल्यांनी दाबली, आपले पुढारी दिल्लीत कमी पडले. सगळं झूट. ती आम्हीच घालवली, आणि घालवताना ज्यांनी हातभार लावला त्यांत मीही होतो. संस्था गेली याचं मला काडीचं दुःख नाही. आली असती तर तिच्या फाटकावर कुणाच्या मेव्हण्याला वॉचमन लावायचं यावरून आम्ही डोकी फोडली असती. मला दुःख आहे ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मी आरोग्य सेवक होतो. पुसेगावच्या बाजूला उपकेंद्र, हाताखाली सहा-सात गावं आणि एक तांडा. तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचून रक्त काचपट्टीवर घ्यायचं, विहिरींत पावडर टाकायची, पोरांच्या लसीच्या दिवशी घरोघर हाका मारत फिरायचं, असं काम. लोक मला डाक्टर म्हणायचे. सुरुवातीला मी सांगत असे की बाबांनो, मी डाक्टर नाही. मग सांगायचं सोडलं. कुणी साहेब म्हणालं तर कुणाला वाईट वाटतं? मलाही नाही वाटलं.

या नोकरीत सगळ्यात मोठं काम कोणतं असेल, तर महिन्याचा अहवाल. आजारांची नावं डावीकडे, रकाने उजवीकडे. नवा लागलो तेव्हा मी इमानदारीनं रकान्यांत आकडे भरले. ताप इतके, हगवण इतकी, अमुक इतके. महिन्याभरात माझ्यावर चार पत्रं आली. आकडा का वाढला, कोणती कार्यवाही केली, खुलासा सादर करा. तेव्हा आमच्यातल्या एका जुन्या सेवकानं मला बाजूला घेऊन शिकवलं. रकाना मोकळा सोडायचा नाही, कारण मोकळा सोडला तर काम केलं नाही असा अर्थ होतो. शून्यही लिहायचं नाही. शून्य हा आकडा झाला आणि आकड्यावर बोट ठेवता येतं. रकान्यात लिहायचं, निरंक. म्हणजे काही नाही. आणि या शब्दावर बोट ठेवायला कुणाला जागाच सापडत नाही. दुसऱ्या महिन्यापासून मी निरंक लिहू लागलो आणि पत्रं बंद झाली. वरच्यांनाही तेच हवं असायचं. आमच्याकडच्या एका बाबूनं तर निरंकचा रबरी शिक्का करून घेतला होता. महिनाअखेरीला तो शाईचा डबा उघडून बसायचा आणि ठपाठप अख्ख्या भागाला निरोगी करून टाकायचा. दुपारच्या जेवणापर्यंत एकही आजारी माणूस शिल्लक राहत नसे.

आता तांड्याचं सांगतो. रस्त्यापासून आत, माळावर पन्नासएक घरं. यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. हे लोक आता तूर-सोयाबीन करत होते. पाण्याची तकलीफ होती म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला तिथं खोल बोअर घेऊन हापसा बसवला. पाणी दिसायला काचेसारखं. सगळे खूश. सात-आठ वर्षांत तांड्यातल्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी दिसायला लागले. पोरांचे पाय गुडघ्यात वाकायला लागले, चालताना गुडघे एकमेकांना घासायचे. चाळिशीतली माणसं पाठ ताठ झाल्यानं खाली वाकून वैरणीचं गाठोडं उचलू शकत नव्हती. गावातले लोक म्हणायचे की तांड्याचं रक्तच तसलं. मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, खोल पाण्यात फ्लोराईड जास्त असलं की नेमकं असंच होतं. मला कळत होतं. कळूनही ‘इतर आजार’ या रकान्यात मी काय लिहीत होतो हे वेगळं सांगायला नको.

त्या तांड्यात एक बाई होती. नवरा ऊसतोडीला सहा महिने बाहेर, घरी तीन लेकरं. थोरले दोन पोरगे, दोघांचेही पाय वाकलेले. धाकटी पोरगी अडीच वर्षांची, पाय एकदम सरळ, दिवसभर अंगणात पळायची. ही बाई इतरांसारखी मला बघून गोळ्या मागत नसे. नुसती बघत राहायची. एकदा मी रक्ताचे नमुने घेत होतो, तेव्हा ती पोरीला कडेवर घेऊन आली आणि सरळ विचारलं, “डाक्टर, पानी तपासता का?”

मी उगाच विचारलं, काहून? तर तिनं जे सांगितलं ते असं. तांड्याच्या खाली एका जमीनवाल्याची विहीर होती. ती आठवडाभर पोरीपुरतं पाणी तिथून आणत होती. त्यानं बंद केलं. एकीला दिलं तर सगळा तांडा येईल, म्हणाला. पण तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्यानं ग्रामपंचायतीत सांगितलं होतं की हापशाचं पाणी खराब आहे असा सरकारी कागद आणा, मी विहिरीवरून नळ ओढू देतो. ग्रामपंचायतही तयार होती. घोडं अडलं होतं फक्त कागदावर. पाण्याचा नमुना बाटलीत भरून परभणीच्या प्रयोगशाळेला पाठवायचा, तिकडून अहवाल येतो, साहेबांची सही होते, हापशाला लाल रंग मारायचा. संपलं. बाटली माझ्या पिशवीतच होती.

मी हो म्हणालो. त्या आठवड्यात बैठकीला गेलो तेव्हा आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांच्या कानावर घातलं. एरवी ते ‘पाठवा’ म्हणाले असते, नाहीतर ऐकलंच नसतं. पण नेमक्या त्याच आठवड्यात जिल्ह्यात ती संशोधन संस्थेची हवा सुरू झाली होती.

जिल्हा तेव्हा नवाच होता. परभणीतून वेगळं होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि नव्या जिल्ह्याला नव्या नवरीसारखं काहीतरी दागिना पाहिजे होता. कुठूनतरी बातमी आली की केंद्र सरकार मागास भागात आरोग्य संशोधनाची एक राष्ट्रीय संस्था काढणार आहे आणि जागा शोधतंय. झालं. हिंगोलीत कृती समिती निघाली. अध्यक्ष म्हणून एक हळदीचे आडते बसले, कारण सभागृह त्यांचं होतं. बाकीच्यांत एक निवृत्त हेडमास्तर, एक रस्त्यांचे कंत्राटदार आणि दोन वर्तमानपत्रांचे वार्ताहर. एकालाही संस्था काय करणार ते ठाऊक नव्हतं. कंत्राटदार म्हणायचे इमारत मोठी असणार. हेडमास्तर म्हणायचे संशोधन म्हणजे शोध लागणार. अध्यक्ष प्रत्येक भाषणात सांगायचे की इथं कॅन्सरपासून काविळीपर्यंत सगळं फुकट होईल. संस्था माणसं तपासणार की उंदीर, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

संस्था यायच्या आधी तिला नाव कुणाचं द्यायचं यावर दोन गट पडले. नावाचं जरा शांत झालं तेव्हा जागेचं सुरू झालं. वसमतवाले म्हणत आमच्याकडे, कळमनुरीवाले म्हणत आमच्याकडे, सेनगाववाल्यांनी तर जागेच्या सातबाऱ्यासकट निवेदन दिलं. निवेदन देतानाचे फोटो दर आठवड्याला छापून यायचे. एक कागद आणि त्याला धरलेले बारा हात. गुडघ्याला बाशिंग बांधून सगळा जिल्हा उभा होता. तांड्याच्या नाईकाला, म्हणजे तिथल्या प्रमुखाला, मी एकदा बसस्टँडवर हे सगळं समजावून सांगितलं. म्हातारा नीट ऐकून घेऊन म्हणाला, “आरोग्याचं संशोधन? काहून, हरवलं का ते?” त्या तीन वर्षांत या विषयावर कुणी बोललेलं एवढंच एक शहाणपणाचं वाक्य मला आठवतं.

मग प्रस्ताव लिहायची वेळ आली. दिल्लीच्या कागदात पहिलाच प्रश्न होता, आपल्या भागात कोणते आजार आहेत आणि किती. आता आली पंचाईत. जुने अहवाल काढले तर सगळीकडे निरंक. गावं निरंक, तालुका निरंक. दिल्लीला काय सांगायचं, की आमच्याकडे कुणी आजारीच पडत नाही म्हणून आजारांवरची संस्था आम्हाला द्या? जिल्ह्यावरून आमच्या डॉक्टरसाहेबांच्या मागे लकडा लागला की रोगी शोधा. ज्या लोकांनी माझ्याकडे आकड्याबद्दल खुलासे मागितले होते, तेच आता आकडा का नाही म्हणून खुलासा मागायला लागले.

साहेबांना माझा तांडा आठवला. त्यांनी मला बोलावलं, बसा म्हणाले, चहा मागवला. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा चहा दिला. तांड्यातल्या सगळ्या वाकलेल्या पायांची, ताठ पाठींची, तपकिरी दातांची नावानिशी यादी करा म्हणाले. मी म्हणालो करतो, आणि पाण्याचा नमुनाही पाठवतो. साहेबांनी कप खाली ठेवला.

“नमुना नका पाठवू आत्ता. हापसा बंद झाला, नळ आला, तर पाहणीला येणाऱ्यांना दाखवायचं काय?”

हे ते हसून म्हणाले नाहीत आणि रागावूनही म्हणाले नाहीत. उद्या दौरा आहे, गाडीत डिझेल टाका, असं सांगावं तसं म्हणाले. जागा बघायला दिल्लीची पाहणी समिती सहा महिन्यांत येणार होती. सहा महिन्यांनी काय फरक पडतो, तो तांडा सात-आठ वर्षं तेच पाणी पितोय. मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला ते हुशारीचंसुद्धा वाटलं. आपल्या तांड्याच्या जोरावर जिल्ह्यात एवढी मोठी संस्था येणार, यादी आपल्या हातची असणार, म्हणून मी जरा फुगलोही होतो.

तांड्यावर जाऊन मी त्या बाईला सांगितलं की थांबा. नुसतं थांबा म्हणून मी मोकळा झालो नाही. मी तिला रंगवून सांगितलं की दिल्लीहून मोठे डाक्टर येणार आहेत, इथं मोठी संस्था होणार आहे, पाण्याचं तर होईलच, तुमच्या दोन्ही पोरांचे पायसुद्धा तपासतील. पोरांच्या पायांचं ऐकल्यावर तिचा चेहरा बदलला. तिनं मला उकडलेल्या शेंगा दिल्या. त्या खात मी यादी केली. नाव, वय, काय झालंय. लोकांनी लाजत लाजत दात दाखवले, गुडघे दाखवले, पाठ वळत नाही ते करून दाखवलं. नाईकानंही दाखवलं. बाईच्या दोन्ही पोरांची नावं मी लिहिली. धाकटीला तिनं पुढं केलं नाही. हिला काही न्हाई, म्हणाली, हिचं नाव लिहू नका.

सहा महिन्यांनी समिती आली नाही. दिल्लीत काहीतरी बदललं. मग पुढच्या हिवाळ्यात येणार होती, तेव्हाही नाही आली. प्रत्येक वेळी हिंगोलीत कमानी उभ्या राहायच्या आणि उतरायच्या. कृती समितीनं अशात दोन वेळा बाजारपेठ बंद ठेवली, एकदा रास्ता रोको केला आणि एकदा स्वतःच स्वतःचा सत्कार केला. मी तांड्यावर गेलो की बाई विचारायची, आले का? मी म्हणायचो येऊन राहिले. पहिल्या वर्षी ती दर वेळी विचारायची. दुसऱ्या वर्षी कधीमधी. तिसऱ्या वर्षी विचारायचं बंद केलं, पण मी सायकल लावली की दारात येऊन उभी राहायची.

शेवटी आले. चौघंजण, त्यांत एक बाई प्रमुख. तांड्यावर जायचं पक्कं होतं. मी आदल्या दिवशी जाऊन सांगितलं की सकाळी दहाला सगळ्यांनी लिंबाखाली बसा, यादीतला एकही माणूस शेतात जाता कामा नये. साहेबांनी मला सकाळी वह्या घेऊन हिंगोलीला बोलावलं होतं, गाड्यांबरोबर मीही येतो असं मी तांड्यातल्या लोकांना सांगितलं.

हिंगोलीत गेलो तर वेगळंच शिजलेलं. अध्यक्षांना रात्रीतून उपरती झाली होती. ते साहेबांना आणि इतरांना सांगून राहिले होते की दिल्लीच्या लोकांना पांगळी माणसं दाखवली तर जिल्ह्याची बदनामी होईल. उद्या पेपरात येईल की हिंगोलीचं पाणी खराब. आपल्या हळदीला कोण विचारील? आपल्या पोरी कोण करून घेईल? त्यांना आपल्या जिल्ह्याचं वैभव दाखवा. सगळ्यांनी माना हलवल्या. साहेबांना तर हे सुचवणं म्हणजे सुटकाच वाटली. त्यांच्या मनात वेगळी भीती होती. तांड्यातले रोगी दाखवायचे म्हणजे हे रोगी इतकी वर्षं अहवालात का नव्हते, याचं उत्तर द्यावं लागणार. तांडा रद्द झाला. गाड्या आधी नरसीला दर्शनाला गेल्या, तिथून हळदीचा बाजार बघायला, तिथून अध्यक्षांच्या सभागृहात. तिथं शाळेच्या पोरींचं लेझीम, स्वागतगीत, शाली, नारळ. मी मागच्या रांगेत वह्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलो होतो. बारा वाजून गेले होते. तांडा लिंबाखाली बसलेला असणार हे माझ्या डोक्यात होतं, पण मी उठलो नाही.

त्या प्रमुख बाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या. दिलेली शाल त्यांनी घडी करून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. अध्यक्षांचं भाषण चालू असतानाच त्यांनी हळू आवाजात गेल्या पाच वर्षांचे अहवाल मागितले. साहेबांनी मला खुणावलं. मी गाठोडं सोडून वह्या आणि अहवाल त्यांच्यापुढं मांडले. त्या एकेक कागद उलटू लागल्या. लिहिलेलं निरंक, शिक्क्याचं निरंक, जांभळ्या शाईतलं, निळ्या शाईतलं. खूप कागद उलटले. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांकडे नाही, माझ्याकडे.

“आप तो गाँव-गाँव घूमते हैं। आप बताइए, यहाँ क्या बीमारी है?”

यादी माझ्या शर्टाच्या खिशात होती. चार घड्या घातलेली, छातीला लागत होती. नुसता हात वर न्यायचा होता. साहेब माझ्याकडे बघत होते, अध्यक्ष भाषण थांबवून बघत होते. मी म्हणालो, “निरंक, मॅडम.”

त्यांना शब्द कळला नाही. त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, मतलब कुछ नहीं है. अध्यक्षांना राहवलं नाही, माईकवरूनच त्यांनी सांगून टाकलं की हमारे जिले की हवा ही ऐसी है, और हल्दी का गुण है. त्या बाई जराशा हसल्या आणि म्हणाल्या, तो फिर हम यहाँ आकर क्या करेंगे? सभागृहाला वाटलं जिल्ह्याचं कौतुक झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या, लांबलचक टाळ्या. हेडमास्तर तर उभे राहिले. मीही दोन-तीनदा हात एकमेकांवर आपटले असतील. जेवणात दोन गोड पदार्थ होते.

महिन्याभरात संस्था दुसरीकडे गेल्याची बातमी आली. हिंगोली पुन्हा बंद झाली. अध्यक्ष उपोषणाला बसले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोसंबीचा रस घेऊन उठले आणि अन्यायाची ती शिदोरी घेऊन पुढच्या निवडणुकीत निवडून आले. अजूनही भाषणात ते सांगतात की घास तोंडापर्यंत आला होता. कुणाच्या तोंडचा, ते सांगत नाहीत. साहेबांची बदली झाली, बढतीवर. मला काहीच झालं नाही.

पाहणीनंतर दोन दिवस मी तांड्यावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, जाणं भागच होतं. लोक शांत होते. म्हातारे-कोतारे धुतलेले कपडे घालून सकाळपासून चार वाजेपर्यंत लिंबाखाली बसले होते, एवढं नाईकानं सांगितलं. एका बाईची त्या दिवशीची मजुरी बुडाली, तेवढं मात्र तिनं सुनावलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती तीन लेकरांची आई दारात आली. समितीचं तिनं विचारलंच नाही.

“आता नमुना नेता का?”

नेला. त्याच दिवशी बाटली हापशाखाली धरली, झाकण घट्ट केलं, दुसऱ्या दिवशी परभणीची एसटी पकडून स्वतः देऊन आलो. काही आठवड्यांत अहवाल आला की पाणी पिण्यास अयोग्य. नव्या साहेबांनी न वाचताच सही केली. कागद ग्रामपंचायतीत गेला, जमीनवाल्यानं शब्द पाळला आणि उन्हाळ्याच्या आत तांड्यात नळ आला. तीन वर्षं अडवून ठेवलेलं काम एका बाटलीत आणि एका एसटीच्या फेरीत झालं. एवढंच होतं ते. त्यात कुठलीही राष्ट्रीय पातळी नव्हती.

नळाला पाणी आलं त्या दिवशी मी लाल रंगाचा डबा घेऊन गेलो. हापशाला रंग मी स्वतः मारला. ग्रामपंचायतीचा गडी मारायला तयार होता, पण मला वाटलं आपण मारावा. बहुतेक कुणीतरी बरं म्हणावं असं वाटत असेल. बायका नळापाशी भांडत होत्या, हसत होत्या. रंग वाळेपर्यंत मी बाईच्या ओट्यावर बसलो. तिची पोरगी जवळच होती, सहा वर्षांची झाली होती. पळत नव्हती, आमच्याकडे बघत उभी होती. मी म्हणालो, झालं ना काम शेवटी? आता लेकरांची काळजी नको.

बाईनं पोरीला जवळ ओढलं. तिची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं तिचा वरचा ओठ उचलला. दुधाचे दात पडून पुढचे दोन नवे अर्धे वर आले होते. त्यांच्यावर तपकिरी रेघा होत्या. नवे दात पाहुण्याला दाखवून राहिलोत असं वाटून पोरगी हसली. मी खाली तिच्या पायांकडे बघितलं नाही. ते कसे असतील हे मला धंद्यानं माहीत होतं.

मी काहीतरी बोलायला लागलो. आता वाढ थांबेल, नळाच्या पाण्यानं फरक पडतो, मोठ्या दवाखान्यात दाखवू, असं काहीबाही. तिनं मला सगळं बोलू दिलं. मग सायकलीकडे बोट केलं.

“डाक्टर, तुमी घरची पान्याची बाटली घेऊन येता. इतक्या वर्सांत आमच्या दारात तुमी घोटभर पानी पेले न्हाईत. त्याच्यावरनंच मला कळलं होतं, पानी खराब हाय म्हणून.”

बाटली सायकलीच्या दांडीला अडकवलेली होती. तिनं पोरीचा ओठ सोडला, तिचं तोंड पदरानं पुसलं.

“थोरल्या दोघांला मी न कळता पाजलं. हिला कळून पाजलं, तीन वर्सं. तुमी थांबा म्हणलात म्हणून.”